जांभळाची वाइन आणि मी फोडलेल्या बरण्या

प्रिय मोठ्याबाई,

काल तुमची लेक रेखा गोंदियाहून वाइनचा परवाना घेऊन आली. एसटीतून उतरली ती घरी न जाता सरळ माझ्या दारात. "काकी, भेटला!" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. हा कागद तुम्हाला हवा होता, आणि तो पाहायला तुम्हीच नाहीत. मग कुणाला सांगू? म्हणून लिहायला बसले.

एका भिंतीच्या दोन बाजूंना वीस वर्षं राहिलो आपण दोघी जावा. तरुणपणी तुम्ही मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाक करायच्या. तिथल्या गोव्याच्या सिस्टरने तुम्हाला लाल, गोड पोर्ट वाइन करायला शिकवली. आपल्या देवरीकडे द्राक्षं कुठली? तुम्ही जंगलातली जांभळं घेतलीत. रस अर्धा आंबला की त्यात मोहाची कडक दारू ओतायची, म्हणजे आंबणं थांबतं आणि गोडी आत राहते. किती हौसेनं सांगायच्या! आणि मी? नाकाला पदर लावून उठून जायची.

तुमच्या धाकट्या दिराला, माझ्या नवऱ्याला, दारूनं नेलं. त्यानंतर मी गावात दारूबंदीसाठी बायका गोळा केल्या आणि पहिल्याच दिवशी तुमच्या अंगणात शिरले. सहा बरण्या फोडल्या. अंगण जांभळं झालं. तुम्ही ओट्यावर नुसत्या उभ्या. भांडला का नाहीत? माझ्या झिंज्या का नाही धरल्यात?

"झालं का समाधान? आता ठिकऱ्या वेच, लेकरं अनवानी फिरून राहिले," एवढंच बोललात. मी वेचल्या नाहीत. तुम्हीच वाकून वेचल्या.

पुढे तुम्ही परवान्याच्या मागे लागलात. ग्रामसभेची संमती हवी होती, आणि गावातल्या बायका माझ्या ऐकण्यातल्या. तुम्ही कागद घेऊन माझ्याकडे आलात.

"कायले पायजे तुमाले हे?" मी उंबऱ्यातूनच विचारलं.

"मले आता चोरून कराची नाही, निर्मला. उजेडात कराची हाय."

मी दार लावून घेतलं.

गेल्या वर्षी तुम्ही अंथरूण धरलंत, तेव्हा मी पेज घेऊन आले. दोन घोट घेतलेत आणि म्हणालात, "तुह्या नवऱ्याले म्या कधी थेंबही नाही देल्ला. मांगाले येत होता, मी दार लावून घेत होती."

मोठ्याबाई, मला ते माहीत होतं! पहिल्यापासून माहीत होतं. तो प्यायचा ती नाल्यापलीकडच्या भट्टीची. तिथली माणसं दांडगी. तिकडे जायची माझी छाती नव्हती. तुम्ही घरच्या, उलटून मारणार नाहीत, म्हणून तुमच्या बरण्या फोडल्या. हे तेव्हाच तुमच्या उशाशी बोलायला हवं होतं ना? मी भांडं उचललं आणि निघून आले. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

रेखानं तोच अर्ज पुन्हा ग्रामसभेत ठेवला. सगळ्यांआधी मी हात वर केला. मागून एकजण ओरडली, "अवो, तुमीच त बरण्या फोडल्या होत्या! आता काऊन?"

"फोडल्या ना. भेव होता भट्टीवाल्याइचा, राग काढला आपल्या मानसावर," मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. मग एकेक हात वर गेला. आणि ऐका, त्याच बायका पुढच्या आठवड्यात माझ्यासोबत नाल्यापलीकडे आल्या! पन्नास बायका पाहून ते दांडगे मागच्या वाटेनं पळाले. भट्टी अजून बंद आहे.

यंदा जांभूळ भरून आलंय. रेखानं शेड उभी केलीय, टाक्या धुऊन ठेवल्यात. मोहाच्या दारूचं मापही ती आता परवान्याच्या नियमानं घालणार. तुमच्या हातची चव उतरेल का हो? तिला वाटतं, पहिल्या खेपेला नाही, पण उतरेल.

मी तुम्हाला शब्द देते. जांभळं कुस्करायला मी शेडमध्ये जाईन, आणि नाल्यापलीकडे पुन्हा धूर दिसला तर तिथेही जाईन. दारूबंदीवाली बाई वाइन करते म्हणून लोक हसतील. हसू देत. हे कुणी शिकवलं असं कुणी विचारलं, तर चारचौघांत, मान वर करून सांगेन: माझ्या जावेनं.

तुमची धाकटी,
निर्मला