कोपऱ्यातली सही

॥ श्री ॥

परभणी, ता. १७ ऑगस्ट १९५८

ती. दादांस, धाकट्या तानूचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. पत्र उघडंच द्यावं लागतं, मेट्रनबाई वाचून मग डकवतात. तेव्हा अक्षर तुम्ही छडीने शिकवलंत तसंच काढते आहे. वहिनींना सांगा, माझ्या भाकरीला अजून कडा येत नाहीत, पण चाळीस बायकांचा ताप मी तासात घेते.

परवा पुण्याहून पार्वतीबाई म्हणून एक विदुषी आल्या होत्या. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या मनावर किती ताण पडतो याचा त्या अभ्यास करतात. मनाचा ताप मोजायला काचेची नळी कुठे लावणार, म्हणून आम्ही खूप हसलो. प्रत्येकीला तीस प्रश्नांचा कागद दिला आहे. नाव लिहायचं नाही, खरं तेच लिहायचं. भरलेले कागद कचेरीत द्यायचे, ते टपालाने पुण्याला जातील.

पोळ्याला चार दिवस आले तर चालेल का? नाही म्हणू नका. लहानपणी पुरवलेत तसे लाड अजून पुरवत जा.

तुमची,
तानू

---

सोनपेठ, ता. २३ ऑगस्ट १९५८

चि. तानूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र रिवाजाप्रमाणे ओट्यावर मोठ्यांदा वाचून झालं. पोरीला परक्यांची घाण काढायला धाडलं म्हणून आबासाहेबकाका दीड वर्ष मला टोचत होते, परवा मात्र मुकाट ऐकत बसले. पाथरीच्या त्या बिजवराचे निरोप त्यांच्याकडे अजून येतात. शिक्षण पुरं होईपर्यंत लग्नाचं नाव काढू नका, असं मी त्यांना बजावलं आहे. म्हणून पोळ्याला येऊ नकोस. तू उंबऱ्यात दिसलीस की काका म्हणतील, आली पळून, आणि बोलणी सुरू करतील.

आणखी एक. शेजारच्या बन्सीधरची सारजा सातवी झाली. तानूने लिहिलं तर तिलाही नर्सिंगला पाठवतो, असं तो म्हणतो. तुझ्या एका शब्दावर पोरीचं भलं होईल, तेव्हा सविस्तर लिही. तुझा मला फार अभिमान वाटतो, हे समोर कधी सांगणार नाही म्हणून इथे लिहितो.

तुझा दादा,
दिनकर

---

परभणी, ता. ३१ ऑगस्ट १९५८

सौ. कमलवहिनींस शि. सा. न.

हे पत्र गोजरबाईंच्या हाती देते. त्यांची सून आमच्याकडे बाळंत झाली आहे. त्या सोनपेठला जाऊन लगेच परत यायच्या आहेत. हे ओट्यावर वाचायचं नाही.

त्या कागदावर मी खरं लिहिलं, वहिनी. चाळीस खाटांना मी एकटी असते. झोप चार तास. जुलैत पारूबाई नावाची बाळंतीण माझा हात धरूनच गेली. तिची बोटं सोडवून मला पुढच्या खाटेचा ताप घ्यायला जावं लागलं. वॉर्डात रडले म्हणून मेट्रनबाईंनी महिनाभर सुट्टी बंद केली. तेव्हापासून हात धुवायला लागले की थांबताच येत नाही, कातडी सोलवटून गेली आहे. शेवटच्या प्रश्नाला लिहिलं की मला घरी जायचं आहे आणि जाता येत नाही.

नाव कोणीच लिहिलं नव्हतं. पण इथे पहिल्या दिवसापासून एक गोष्ट घोटून घेतली आहे. कागद कुठलाही असो, उजव्या कोपऱ्यात आपला नंबर, वेळ आणि सही. आणि जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्याला सही करायची नाही. आम्ही बावीसही जणींनी सवयीने कोपऱ्यात सही ठोकली! मेट्रनबाईंनी गठ्ठा पुण्याला पाठवण्याआधी चाळला आणि एकेकीला नावाने आत बोलावलं.

आता कोरे कागद दिले आहेत. सगळं उत्तम आहे असं लिहा, नाहीतर ट्रंक आवरा. एकवीस जणींनी लिहून दिलं. मला शनिवारपर्यंत मुदत आहे. मी घरी येऊ का? तुम्ही म्हणाल तसं करीन. मला फार भीती वाटते.

तुमची तानू

---

सोनपेठ, ३ सप्टेंबर

तानूस कमलवहिनीचे आशीर्वाद.

गोजरबाईसंगंच उत्तर पाठवायलेय. तुजं पत्र न्हाणीत बसून वाचलं अन् लय रडले. ये म्हणावं वाटतंय. पण काकांनी पाथरीला शब्द देऊन टाकलाय, ह्यांना ठाऊक न्हाई. त्या माणसाची लेक तुज्याएवढी हाय. तू आलीस की चार दिसांत अक्षता पडतील. काकांच्या म्होरं ह्यांचं काय चालत न्हाई, मग माजं कोण ऐकतंय?

तितलं दीड वरीस राहिलंय, हितलं जलमाचं हाय. त्यांना पायजे ते लिहून दे बाई. हाताला खोबरेल लाव. मी तुला ये म्हणाले न्हाई, ह्याचा राग धरू नको.

कमल

---

परभणी, ता. ७ सप्टेंबर १९५८

ती. दादांस सा. न. वि. वि.

येथे सर्व उत्तम आहे. पार्वतीबाईंचा कागद काल भरून दिला. झोप पुरेशी, जेवण चांगलं, मन प्रसन्न. सांगितल्याप्रमाणे कोपरा कोरा ठेवला. पोळ्याला येत नाही, अभ्यास फार आहे.

सारजाविषयी विचारलंत. येथे मुलींची लेकीसारखी काळजी घेतात. तिला पाठवायला हरकत नाही. मेट्रनबाई शेजारीच बसल्या आहेत, त्यांचाही नमस्कार. वहिनींना सांगा, खोबरेल लावते आहे. माया पातळ होऊ देऊ नका.

आपली धाकटी बहीण,

---

सोनपेठ, ता. १५ सप्टेंबर १९५८

चि. तानूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून बन्सीधरने तिथल्या तिथे होकार दिला. पत्राखाली नाव घालायलाही तुला फुरसत नाही, पोरगी साहेबीण झाली, म्हणून ओट्यावर सगळे हसले. सारजाला घेऊन मी स्वतः सोमवारी येतो. तिला सांभाळून घे, तशी आमची आठवणही जपून ठेव.

दिनकर

---

(सारजाच्या फडक्यात, भाकरीखाली ठेवलेली चिठ्ठी)

तानूस आशीर्वाद.

सगळे हसायले होते तवा मी पत्राखालची कोरी जागाच बघत बसले. मला कळलं. ह्यांना सांगितलं तर तुला आणायला निघतील, अन् हितं काका टपून बसलेत. म्हणून गप्प राहिले. बन्सीधरभावजींना बी काय बोलले न्हाई, त्याचं पाप माज्या माथी.

सारजा लय खूश हाय. आठ दिस झाले, हसणं थांबंना तिचं. तिला तुज्याशेजारी निजव. अन् पहिल्याच दिशी सांग, कोपऱ्यात काय बी लिहू नको म्हणावं.

कमल