समारोपाचा माईक

४ मे, सोमवार
रोजनिशी आजपासून सुरू. दोन ठराव. पहिला, ही शुद्ध मराठीतच लिहायची. दुसरा, रागवायचे नाही. डॉक्टरने बीपीची गोळी वाढवली आहे.

सकाळी विमलताई घरी आल्या. त्यांची संस्था इथे बाभुळगावात नववी-दहावीच्या मुलांसाठी उन्हाळी शिबिर घेते आहे. नाव 'हाताने करून शिका'. गाडी दुरुस्ती, कूलर दुरुस्ती, ब्युटी पार्लर, केक, ड्रोनने फवारणी. म्हणाल्या, सूत्रसंचालनाचा वर्ग तुम्ही घ्याल का? मी थोडा वेळ विचार केल्यासारखे केले. अहो, मी उभी नोकरी बसस्टँडवर माईकवर गाड्या पुकारण्यात घालवली. मी 'यवतमाळकडे जाणारी' एवढे म्हटले की बाकावर झोपलेला माणूस पिशवीसकट उभा राहायचा. तो आवाज रिटायर होऊन घरात सडतो आहे. लग्नांत आता लोक अमरावतीहून अँकर आणतात. ती 'हॅलो गाईज' म्हणते आणि आजोबा लोक टाळ्या वाजवतात. मूर्ख लेकाचे.

मुख्य गोष्ट: २३ तारखेला समारोप. मोठे पाहुणे, सगळा तालुका हजर. आणि ताई म्हणाल्या, सूत्रसंचालन तुमच्या वर्गाकडे. म्हणजे माझ्याकडे. सौ. म्हणाली, ताईंना वर्गातली पोरं म्हणायचं असेल, तुम्ही नाही. तिला यातले काय कळते?

६ मे
वर्ग सुरू. बारा मुले. पैकी दीपा नावाची दहावीतली मुलगी पहिल्या बाकावर. ओळख सांगताना म्हणाली की मले अँकर व्हायचं हाय. तिथेच थांबवली. 'मले' नाही, 'मला'. 'काहून' नाही, 'का'. 'करून राह्यलो' तर नाहीच नाही. पूर्ण तास त्यातच गेला, पण पाया पक्का झाला.

जाताना अश्वजित नावाच्या मुलाने विचारले की सर, माईक कवा भेटन? मी म्हणालो, माईक मिळत नसतो, कमवावा लागतो. वाक्य सुचले तेव्हा अंगावर काटा आला. मुलांच्या आला नाही. ती लहान आहेत.

७ मे
माईक माझा स्वतःचा. कॉर्डलेस. निवृत्तीच्या दिवशी स्टँडवरच्या मंडळींनी दिलेला. मऊ फडक्यात ठेवतो. आज वर्गात नेला, टेबलावर ठेवला, सगळ्यांना दुरून दाखवला. माईकचा इतिहास सांगितला. उद्या माईक आणि तोंड यांतील अंतर. परवा माईक न धरता कसे उभे राहावे.

शेजारच्या खोलीत भावसिंग मिस्त्रीचा गाडी दुरुस्तीचा वर्ग. दिवसभर ठाणठाण ठोकणे. माझ्या 'विराम' या विषयात एकही विराम मिळाला नाही. सांगायला गेलो, तर मिस्त्री म्हणतो की मास्तर, जाम झालेला नट आहे, कानात सांगून खुलत नाही. सगळी पोरं हसली. त्यातली दोन माझ्या वर्गातली होती! तिथे काय करत होती? हात काळे, कोपरापर्यंत. आणि खूश.

मी रागावलो नाही. फक्त दार आपटले.

११ मे
ऊन पंचेचाळीसच्या वर. वर्ग आटोपशीर झाला आहे. केकवाल्या बाईंनी चार नेली. केक दाखवून मुले पळवणे याला शिक्षण म्हणत नाहीत, लाच म्हणतात. अश्वजित कूलरच्या वर्गात गेला. का, तर तिथे थंड वाटते! अरे, ज्याला करिअर करायचे त्याने घाम गाळावा. मी गाळतो आहे. जे राहिले ते निवडक. मला गर्दी नकोच होती.

१३ मे
विमलताई वर्ग पाहायला आल्या. मुलांना विचारले की माईकवर बोललात का? मुलांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, आधी थिअरी. ताई म्हणाल्या की भाऊ, शिबिराचं नावच 'हाताने करून शिका' आहे. मी म्हणालो, बोलणे तोंडाने करतात. ताईंनी वहीत काहीतरी टिपून घेतले. माझे वाक्यच असावे.

घरी येऊन खूप राग आला. माईक काय पाना आहे, कोणीही उचलावा? पोट्टे थुंकी उडवतात. एकाने 'भ' म्हटले की जाळी ओली. त्याहीपेक्षा, एकदा का पोराच्या हातात माईक गेला की परत येत नाही. मी पाह्यलं हाय लग्नात. पाहिले आहे.

१५ मे
समारोपाचे स्क्रिप्ट तयार. पाहुण्यांचे स्वागतच सहा पानी. प्रत्येक पाहुण्याला एक शेर, तिघांना दोन. सौ.ला वाचून दाखवायला घेतले. दुसऱ्या पानावर ती कुरड्या उलट्या करायला गच्चीवर गेली, ती खाली आलीच नाही. एवढ्या उन्हात. कुरड्यांची एवढी काळजी, नवऱ्याची नाही.

जोधपुरी कोट काढला. गळ्याचे बटण लागते, पोटाचे लागत नाही. ठराव: उद्यापासून एकच पोळी.

१६ मे
रस होता. चार पोळ्या. रसासोबत एक पोळी खाणे हा आंब्याचा अपमान आहे.

१८ मे
आज वर्गात एकटी दीपा. बाकीचे मैदानावर ड्रोन पाहायला. तो ड्रोन नुसते पाणी उडवतो, खाली पोरं नाचतात. याला म्हणे करिअर!

दीपाला अथपासून इतिपर्यंत सगळा 'विराम' समजावून सांगितला. मी बोललो, तिने ऐकले. अशी विद्यार्थिनी पाहिजे. शेवटी म्हणाली की सर, एकडाव माईक द्या न. मी सांगितले, सेल संपले आहेत. हे खोटे नाही. सेल कधी ना कधी संपतातच.

ती वही बंद करून गेली. मला जरा कसेतरी झाले. ऊन असेल.

२० मे
कहर! विमलताई सांगतात मले की समारोपाचं सूत्रसंचालन दीपा करन! मी म्हटलं, ताई, ते पोट्टी अजून 'मले' म्हणते. ताई म्हणे की भाऊ, पाहुणे बी 'मले'च म्हणतात. मी म्हटलं, मंग मी काय करू? ताई म्हणे, तुमी तिच्या मागे उभे राहा, आधार वाटन तिले.

मागे! मी! कायले? ज्या माणसानं बसस्टँड चालवला त्यानं पोट्टीच्या मागे उभं राहावं? काहून? डोक्याची शीर तटतट उडून राह्यली. सौ. म्हणे गोळी घ्या. घेतली. दोन घेतल्या.

नंतर शांतपणे विचार केला. (शुद्ध मराठी पुन्हा सुरू.) मागे म्हणजे काय? मुख्य माणूस नेहमी मागून येतो. आधी दिवे-हार वगैरे किरकोळ ती करेल. अडखळेल. रडेलही बिचारी. मग मी पुढे होऊन परिस्थिती हाती घेईन. ताईंचा हाच बेत आहे, पण त्या उघड बोलू शकत नाहीत. स्क्रिप्ट कोटाच्या आतल्या खिशात ठेवले.

२२ मे
दीपाला विचारले की तयारी झाली का, भीती वाटते का. वाटत नाही म्हणाली. अतिआत्मविश्वास. पडेल.

२३ मे, शनिवार, संध्याकाळ
लिहावे की नाही. लिहितो.

जोधपुरीचे खालचे बटण सौ.ने दोऱ्याने बांधून दिले. कोटात मोटरसायकलवर टांग टाकता येईना, म्हणून आमच्या लेकीची, सलोनीची, स्कूटी घेतली. ती पोरगी नागपूरला शिकते, स्कूटी घरीच असते. पोहोचायला उशीर झाला होता, घाईत लावली आणि आत पळालो. शाळेचे पटांगण भरलेले. हजार लोक तरी. अशी गर्दी मी दिवाळीच्या सुट्टीत स्टँडवरच पाहिली आहे. माझा माईक मी स्वतः दीपाच्या हातात दिला. मनात म्हटले, घे बाई, पाच मिनिटांसाठी.

तिने राम राम म्हटले, जय भीम म्हटले, जय सेवालाल म्हटले. मग म्हणाली की लोकहो, उन्हात आले, आधी पानी प्या, कार्यक्रम कुठी पळून नाही जाऊन राह्यला. हे असे! पाहुण्यांसमोर! आणि लोक हसले, पाणी प्यायले, गप्प बसले. गप्प बसले! मला तीस वर्षांत कोणालाच गप्प बसवता आले नाही.

मी मागे उभा. पाच मिनिटे झाली, अर्धा तास झाला. एकदाही अडखळली नाही. एक पाहुणे लांबले, तर तिने त्यांनाच असे काही हसवले की ते स्वतःच बसले. मी खिशातले स्क्रिप्ट चाचपत राहिलो. कागद घामाने लगदा.

मग तिने सगळ्या शिक्षकांचे आभार मानले. माझे नाव आले. मी पुढे झालो, हात जोडले. ती म्हणाली की पंजाबराव सर माईकले लेकरावानी जपतात, आमाले हात बी लावू देला नाही, म्हणून मी घरी लाटण्यावर प्रॅक्टिस केली, आई म्हणे आधी पोया लाट. पटांगण हसून हसून लोळले. मी हात जोडूनच उभा. खाली घ्यायचे कसे तेच कळेना. तिने टोमणा नव्हता मारला. खरेच आभार मानले होते. त्याचाच जास्त राग आला.

तेवढ्यात गेटवरून कोणीतरी चिठ्ठी आणली. गेटात गाडी आडवी लावलेली, पाण्याचा टँकर आत येईना. दीपाने वाचली, माझ्याकडे पाहिले, आणि सरळ येऊन माईक माझ्या हातात ठेवला. म्हणाली की सर, हे तुमीच म्हणा, गाडी तुमच्यावानी कोणाले पुकारता येत नाही.

मी मागितला नव्हता. तिने दिला.

घसा साफ केला. 'कृपया लक्ष द्या.' आहाहा, काय आवाज लागला! नंबर एकेक अक्षर सुटे करून सांगितला. पांढरी दुचाकी. मालकांनी ती त्वरित हलवावी. कोणी उठेना. पुन्हा सांगितले, आणखी संथ. कोणी उठेना. लोक इकडेतिकडे पाहून राह्यले. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, कोनाची होय बे ते गाडी? डोकं हाय का खोकं? लेकरं तहानले, टँकर उभा हाय, अन् हा बाप्पा आपली फटफटी आडवी घालून मस्त बसून राह्यला! लाज वाटत नाही? कोन्या बेअकल्यानं देलं तुले लायसन?

टाळ्या! शिट्ट्या! पाहुणे मांडी थोपटून हसून राह्यले. माया जिंदगीत एवढ्या टाळ्या नाही पडल्या. मी आणखी जोरात नंबर सांगतला.

तेव्हा बायांमधून सौ. उठली. सगळं पटांगण ओलांडून स्टेजपाशी आली, हात पुढे केला, म्हणे चावी द्या. मी म्हटलं, कायची चावी? म्हणे, सलोनीच्या स्कूटीची.

माईक चालूच होता.

२४ मे
आवाज बसला. दारासमोरून दोघं पोट्टे गेले, एकानं ओरडून स्कूटीचा नंबर सांगतला, पाठ हाय त्याले. मी बाहेर नाही गेलो.

माईक दीपापाशीच राह्यला. सौ. म्हणे घेऊन या. नाही गेलो. तिच्या हातात बरा दिसते तो. हे मी कोनाले सांगनार नाही.

दुपारी विमलताईचा फोन. म्हणे भाऊ, काल लय मजा आली, पुढच्या वर्षी तुमी पाह्यजेच. मी उठून बसलो. म्हणे, गेटवर गाड्या लावून घ्यायचं काम तुमच्याकडे. मी म्हटलं, विचार करून सांगतो. थोड्या वेळानं मीच फोन केला, इचारलं, माईक राहीन न?

ताई म्हणे, शिट्टी देऊ.