एका खोलीत दोन गालिचे

आदरणीय इस्फंदियारमामा यांना काशानहून भाचा कामरानचा सलाम. तुमची सावली आमच्यावर अशीच राहो. गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला गेला का? इकडे सगळे सुखरूप आहोत. (सुखरूप म्हणजे जिवंत. पुढे वाचा.)

आमची बैठकीची खोली एका गालिच्यापुरती, आणि लग्नात आले दोन, हे तुम्हाला ठाऊकच आहे. एक आईने विणलेला काशानी, मंजिष्ठेच्या लाल रंगाचा. दुसरा माझ्या सासूबाईंनी, सेविलच्या आईने, म्हणजे सोनाखानमनी, तब्रीझहून आणलेला, बारीक माशांच्या नक्षीचा, मधे रेशीम घातलेला. आजवर मी शहाणपणाने वागलो. ज्या घरचा पाहुणा, त्या घरचा गालिचा जमिनीवर; दुसरा माळ्यावर. (पाठ गेली, पण संसार टिकला.) यंदा नवरोजला मात्र आई आणि सोनाखानम दोघींचं एकाच दिवशी यायचं ठरलं. सेविलने बजावलं, माझ्या आईचा गालिचा माळ्यावर दिसला तर मी तिच्याबरोबर तब्रीझला जाईन. मग मी डोकं चालवलं आणि काशानी खाली, तब्रीझी वर असे दोन्ही अंथरले.

एकच गोष्ट डोक्यात आली नाही. आमचं दार आत उघडतं. सोनाखानम गालिचे अंथरण्याआधीच आल्या होत्या आणि आत बसून चहा पीत होत्या, आणि आई बाहेर, हातात माशांचं पातेलं घेऊन दार ढकलतेय. दार गालिच्यांच्या जाडीला अडलेलं. शेवटी तिने खांदा लावला, तशी वरच्या गालिच्याची कड दुमडून वर आली आणि खालचा लाल रंग उघडा पडला.

"माझा गालिचा पायपुसणं केलास होय रे?" आई.

"पायपुसणं कसलं? माझ्या गालिच्याला गादी हवी होती," सोनाखानम म्हणाल्या.

मग जे सुरू झालं ते काय सांगू! आई म्हणे, आमची गाठ नाजूक, तुमची आकड्याने ओढलेली. सोनाखानम म्हणत, आमची दुहेरी, तुमची एका बाजूला लटकलेली. आईने काशानी गालिचे वापरणाऱ्या सफवी शहांचा दरबार काढला. सोनाखानम म्हणाल्या, दरबार आधी तब्रीझलाच होता. आई म्हणाली, मग तिथून पळाला कशाला? सेविल बॅग भरायला आतल्या खोलीत गेली. तिला समजवायला सोनाखानम मागोमाग गेल्या, आणि आतून किंकाळी आली.

आमच्या पलंगाखालचा गालिचा त्यांनी पाहिला होता. यंत्रावरचा.

आई धावली. दोघींनी तो उलटा केला, नखाने खरवडला, वास घेतला. "लोकर नाही, कापूस नाही, मागे नुसता डिंक!" आई म्हणाली. "आणि हा रंग बघा, फरीदेखानम," सोनाखानम हळहळल्या, "डाळिंबाचं साल कधी पाहिलं तरी असेल का याने?" मामा, लग्नानंतर प्रथमच त्यांनी आईला नावाने हाक मारली. दोघी तिथेच जमिनीवर मांडीला मांडी लावून बसल्या आणि माझ्या अकलेवर बोलत राहिल्या. मासे तिथेच खाल्ले. सेविलने बॅग रिकामी केली. आता बैठकीत माग उभा आहे. ताणा आईचा, रेशीम सोनाखानमचं. उजवीकडून एक विणणार, डावीकडून दुसरी. आतली खोली दोघींना दिली, मी स्वयंपाकघरात झोपतो. पण घरात हसू आहे, तक्रार नाही.

तुमचा आज्ञाधारक,
कामरान

ता. क. : तो यंत्रावरचा गालिचा कुणी आणला, असं दोघींनी दरडावून विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. (आणला मीच होता. काय करू, पायाला फार मऊ लागतो.) आईला लगेच पटलं. म्हणाली, त्याला लहानपणापासून लोकर आणि गवत यांतला फरक कळत नाही. विचारलं तर हो म्हणा, एवढीच विनंती.

दुसरा ता. क. : दोघी तुम्हाला जाब विचारायला इस्फहानला निघाल्यात. तो गालिचाही गुंडाळून घेतलाय. सेविल म्हणते, तो जपून ठेवा, या दोघी परतल्या की आम्ही घेऊन जाऊ.

तिसरा ता. क. : टपाल आता सुट्टीनंतरच निघेल, म्हणून हे पत्र आईच्याच हाती देतोय. पाकीट घट्ट चिकटवलंय. ते उघडलेलं मिळालं, तर माझ्यासाठी एक खोली रिकामी करून ठेवा. खाली काहीही अंथरू नका.