पाच फुटी पंखा

मिस्त्री, तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही. मिरजगावजवळच्या त्या खळ्यावर माणसाचा हात तुटला तो माझ्यामुळे, आणि मार खाल्लात तुम्ही. मला कुणी विचारलंच नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. सगळ्या खळ्यानं ओरडून विचारलं होतं आणि माझी वाचा बसली होती. आज कागद पुढे ओढला त्याला निमित्त एका विमानाच्या इंजिनाचं झालं, म्हणून आधी ते सांगतो. तुम्हालाही तेच ऐकायला आवडलं असतं.

माझी सारी नोकरी विमानांच्या हँगरात गेली. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. परवा माझ्या हाताखाली शिकलेला आणि आता मोठा साहेब झालेला एकजण मला नवं इंजिन दाखवायला घेऊन गेला. पुढचा पंखा एक्याऐंशी इंची, माझ्या डोक्याच्याही वर जाणारा. आतली टर्बाइन भन्नाट पळते, आणि तिच्या व पंख्याच्या मध्ये गिअर बसवलाय, साधारण तीनास एक. म्हणजे तिचे तीन फेरे होतात तेव्हा पंख्याचा एक. ह्याच जातीचं लहान इंजिन छप्पन्न इंची आहे, त्याचा जोर सतरा हजार पौंडांच्या घरात; हे तेहेतीस हजारांपर्यंत जातं. पंख्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ दुप्पट झालं, तसा जोरही जवळजवळ दुप्पट. थोडी हवा घेऊन जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा घेऊन सावकाश ढकलली की तेल कमी लागतं, असं साहेब मला समजावत होता. मी मान डोलावत होतो. हे सगळं मी तुमच्या तोंडून ऐकलेलं होतं, शिव्यांसकट. ‘इंजिनाला पळायचं असतंय, पंख्याला चालायचं. मधी गिअर घाल, न्हाईतर दोघं एकमेकाचा जीव घेत्यात.’

तुमचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड, एक लेथ, एक भट्टी आणि तुमचा हात. वारा पडला की ज्वारी उफणायची खोळंबते, म्हणून डिझेल इंजिनावर चालणारे तीन फुटी पंखे आपण करायचो. मी तेवीस वर्षांचा, आयटीआय पास, नको तितका शहाणा. पहिल्याच आठवड्यात मी एका मापाला ‘अंदाजे’ म्हणालो आणि तुम्ही पोलादी पट्टी उभी धरून माझ्या बोटांवर हाणलीत. ‘अंदाज घरी ठिवून यायचा. हितं इंच सांगायचा.’ नख काळं पडून गळून गेलं. गिऱ्हाइकासमोर कानाखाली काढलीत, तापलेली सळई पायाशी फेकलीत, एकदा तर केस धरून माझं तोंड गिअरच्या चुकलेल्या दात्यावर दाबलंत. तुम्ही लेथवर वाकलात की तुमची मान दिसायची आणि माझ्या हातातला हातोडा शिवशिवायचा. खरंच सांगतो, दोनदा उचललाही होता. आणि त्याच वर्षी खंडेनवमीला हत्यारं पुजताना तुम्ही बारीक मापं घ्यायचा स्वतःचा व्हर्नियर हळदकुंकू लावून माझ्या हातात दिलात. तुमच्यावर धड चिडताही येत नसे.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची सुगी. तीन भावांचं एक घर होतं, रास मोठी, त्यांना पाच फुटी पंखा हवा होता. पाती तयार झाली, पण पंखा वाढला तर फेरे कमी करायलाच हवेत, म्हणून तुम्ही गिअरचं ओतकाम आणायला नगरला गेलात. निघताना म्हणालात, ‘मी येस्तवर हात लावायचा न्हाई.’ दुसऱ्याच दिवशी थोरला भाऊ बैलगाडी घेऊन दारात. आभाळ भरून आलं होतं, रास भिजली की वर्षाचं खाणं गेलं. ‘जोडून द्या ना, तुमाला जमत न्हाई का?’ एवढंच तो म्हणाला. मला ते लागलं. मी तीन फुटी पंख्याची पुली तशीच चढवली, पट्टा थेट इंजिनावर घेतला आणि गाडीत बसलो. मोठ्या पंख्याचं टोक त्याच फेऱ्यात किती लांब पळतं, हे मला पुस्तकातून पाठ होतं.

खळ्यावर राशीची पूजा झालेली. पूजा झाली की सूप ओतायला चढायची तिपाई जागची हलवायची नाही, आणि पहिलं सूप धाकट्यानं ओतायचं, अशी त्या घरची रीत. तिपाई पंख्याच्या कडेला, नेमकी पात्यांच्या रेषेत होती. त्या रेषेत कुणाला उभं करायचं नाही हा तुमचा नियम. मी म्हणालो, तिपाई जरा पुढं घ्या. भावांची म्हातारी आई डोळे वटारून म्हणाली, ‘पुजलेली हाय ती.’ मी इंजिनाकडे वळलो. नारळ फुटतो, इंजिन धडधडतं, पंखा आधी घरघरतो आणि मग किंचाळायला लागतो. भुसा असा उडतो की सगळे हसतात, मीही हसतो. धाकटा सूप वर करतो. काडकन पातं तुटतं आणि सूप खाली पडतं, सुपाबरोबर कोपरापासून हात पडतो. ज्वारीच्या पांढऱ्या राशीवर रक्ताची पिचकारी उडते. त्याची बायको, लग्नाला दोन महिने झालेली, तो हात उचलून पदरात घेते आणि कुणाला द्यावा म्हणून सगळ्यांकडे बघते.

त्याला गाडीत घालून नेलं, आणि उरलेल्यांनी माझी गचांडी धरली. तेवढ्यात तुम्ही एसटीतून उतरून, शेड रिकामी बघून, खांद्यावर गिअरचं पोतं घेऊन तसेच चालत आलात. थोरला किंचाळला, ‘ह्याला पंखा असा जोडायला कुनी सांगितलं?’ तुम्ही तुटलेलं पातं बघितलंत, पुली बघितलीत, मग माझ्याकडे बघितलंत. ‘माज्या शेडातला हाय. म्या सांगितलं.’ त्यांनी तुम्हाला आसुडानं मारलं, जुवाच्या खिळीनं मारलं, खाली पडल्यावर लाथांनी मारलं. तुमचा कान फुटला, बरगड्या मोडल्या. मी लिंबाखाली उभा होतो. दहा पावलांवर होतो, मिस्त्री. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

त्यानंतर तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नाहीत, आणि तेच मला सोसवेना. दात्याच्या चुकीला तोंड दाबणारा माणूस माणसाच्या हाताला काहीच बोलत नाही, हे काय वागणं झालं? एकदा मीच म्हणालो, ‘मारा मला.’ तुम्ही फुटका कान माझ्याकडे केलात, ऐकूच आलं नाही अशासारखं, आणि लेथ चालू केलात. महिन्याभरात मी पळालो. पुढे मुलांना शिकवताना पंख्याच्या फेऱ्यांचा धडा आला की मी ही हकिगत सांगायचो, ‘आमच्याकडच्या एका मिस्त्रीची चूक’ म्हणून.

ते इंजिन बघून आलो त्याच आठवड्यात तुमची मुलगी मला शोधत आली. केस पांढरे झालेत तिचेही. चहा घेताना म्हणाली, ‘काका, गावात अजून आबांना नावं ठेवत्यात. तुमी तिथं हुता. आबांनी खरंच गिअर घातला नव्हता का?’ मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, ‘नव्हता घातला.’ ती उठून माझ्या पाया पडली, ‘निदान तुमी तरी खरं सांगितलं’ म्हणाली आणि गेली. ती कर्जतला असते, एसटीनं दोन तास लागतात. हा कागद खरं तर तिच्या हातात पडायला हवा. मी तो देणार नाही. तिनं मारलं तर मी मार खाईन, पण ती मला काका म्हणायची थांबली तर ते मला सोसायचं नाही.