अबोलीच्या बाजेवरचा लाल बल्ब

३ डिसेंबर, बारामती
बायको अबोली बाळंतपणाला माहेरी, लासुर्ण्याला. मुलगी झाली. अबोलीचे टाके दुखतात, दूध कमी, सारखी रडते. मुलगीही. सासूबाईंनी बाजेखाली शेगडी ठेवलीय, वर ओव्याची धुरी! कुठल्या जमान्यात राहतात ही माणसं? आजपासून सूत्रं माझ्याकडं. रेड लाइट थेरपी. व्हिडिओ बघून झाले. टाके भरतात, दूध वाढतं, बाई हसायला लागते.

४ डिसेंबर
अबोली फोनवर म्हणाली, आधी डॉक्टरांना विचारू. म्हटलं, मी कंपनीत क्वालिटीला आहे, मला शिकवू नकोस. तिनं फोन ठेवला. म्हणजे पटलं.

५ डिसेंबर
थेरपीच्या लाल दिव्यांचं पॅनल मागवलं, यायला वेळ लागणार. थांबतो कोण? माझा मित्र सोपान, त्याच्या पोल्ट्रीत पिल्लांना ऊब द्यायला लाल बल्ब लावतात. पिल्लं कशी टुणटुणीत! एक आणला. लाल तो लाल. सोपान म्हणाला, माणसाला नको लावू बाबा, लय तापतो. अडाणी.

७ डिसेंबर, रविवार, लासुर्णे
शेगडी बाहेर काढली. बल्ब बाजेवर टांगला, छातीच्या अगदी जवळ. दूध तिथंच असतं. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, हे कोंबड्यांचं हाय न्हवं? दुर्लक्ष केलं. अबोली म्हणाली, भाजतंय. म्हटलं, भाजतंय म्हणजे लागू पडतंय, हलू नकोस. रडायला लागली. हार्मोन्स. बाहेर जाऊन मॅच बघितली.

८ डिसेंबर
छातीवर फोड. डॉक्टरीणबाई ओरडल्या. मी नवरा आहे म्हटल्यावर जास्तच ओरडल्या. त्या बाजूनं पाजायचं बंद. पोरगी भुकेनं टाहो फोडतेय. चूक अबोलीचीच, हलली असणार. तिला स्पष्ट सांगितलं. सासूबाईंनी चहा विचारला नाही, पण माझ्या चपला रस्त्याकडं तोंड करून लावून ठेवल्या. जावयाचा मान राखतात.

१० डिसेंबर
अबोली फोन उचलत नाही. आराम करत असेल. बारशाला मोठ्या मनानं माफ करून टाकायचं. नाव ठरवलंय: मोहिता. मोहितची मुलगी मोहिता, बास! कानात कुर्रर्र आत्याच करणार, म्हणून पूर्वीला, माझ्या बहिणीला, बजावलं. ती म्हणाली, बघू.

१४ डिसेंबर, रविवार
आज बारसं. आमंत्रण आलं नाही. बापाला कसलं आमंत्रण? आई आणि पूर्वी सकाळीच भिगवणला लग्नाला म्हणून गेल्या. मी नवा कुर्ता घालून दुपारी लासुर्ण्याला. मांडव उतरवून टेम्पोत भरत होते. दारातून दिसलं: पूर्वी पाळण्यापाशी. माझी आई अबोलीला शिरा भरवत होती. अबोलीनं माझ्याकडं बघितलं, पोरीला पदराखाली घेतलं आणि पूर्वीला दार लावायला सांगितलं. पूर्वीनं लावलं. माझ्या सख्ख्या बहिणीनं.

अंगणात सासूबाईंचे शेजारी म्हस्कूतात्या भांडी घासून पालथी घालत होते. त्यांना विचारलं, पोरीचं नाव काय ठेवलं? मुक्ता, म्हणाले. मग माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, मांडववाल्याकडनं पातेली न्यायला आलाय व्हय?

हो म्हणालो. दोन उचलून टेम्पोत ठेवली.