पाचवे कलम यांच्यासमोर वाचू नये

मी, या कागदाखाली सही करणारी, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणी भरीला घातलेले नसताना स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. परवा गुरुवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. कागदपत्रे आवरून ठेवा, असेही तेच म्हणतात. पुढचे देवाच्या हाती.

१. राहते घर, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, माझ्या नावावर आहे, कारण ते माझ्या वडिलांनी दिले. यजमानांच्या (पुढे 'हे') नावावर असते तर त्याचीही पुस्तके झाली असती. हे हयात असेपर्यंत येथेच राहतील. नंतर घर मुलीचे. जिन्याची तिसरी पायरी हलते. ती दुरुस्त करू नये. यांना दिसत नाही, त्या पायरीवरूनच ते वर किती राहिले ते ओळखतात.

२. बँकेतली ठेव मुलीने काढावी व त्यातून यांची औषधे आणावीत. उरेल ते तिचे.

३. मोठ्या जाऊबाई मला चारचौघांत 'रद्दीची राणी' म्हणत आल्या. त्यांना माझे लोखंडी कपाट द्यावे. रिकामे द्यावे.

४. यांची पुस्तके, एकूण तीनशे बारा, सगळी आपल्या भागाच्या इतिहासाची. हे चौतीस वर्षे दैनिकात वार्ताहर होते. बातमीला गावोगाव जात, तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलत, आणि पुस्तकात जे चुकीचे छापले आहे त्याच्या समासात खरे काय ते पेन्सिलीने लिहीत. एक वकील वारले तेव्हा त्यांची पुस्तके विकायला निघाली होती. मी हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या. हे म्हणाले, "अगं, पुढच्या वर्षी करून देतो." त्याला एकोणतीस वर्षे झाली. मागत नाही, नोंद केली. पुस्तके यांच्यानंतर वाचनालयाला द्यावीत; न घेतल्यास मुलीने ठेवावीत.

५. सहा वर्षांपूर्वी यांची दृष्टी गेली. तेव्हाच मी वाचनालयात विचारायला गेले होते. ग्रंथपालांनी एक पुस्तक चाळून पाहिले. म्हणाले, "बाई, गिरगटलेली पुस्तकं आम्ही घेत नाही. स्वच्छ करून आणा." मला वाटले, यांच्यासाठी एवढे तरी करावे. दोन महिने रोज दुपारी खोडरबर घेऊन बसले. एक्केचाळीस पुस्तके झाली. काय खोडते आहे ते वाचले नाही. भांडे घासताना काय लागले आहे ते कोण वाचते?

मग एके दिवशी हे म्हणाले, "अगं, ते निळ्या पुठ्ठ्याचं काढ. पान एकशे बारा. तलावाबद्दल समासात काय लिहिलंय, वाच बरं."

समास कोरा होता. कागद उजेडात तिरका धरला, तर वळ दिसला तो एकाच शब्दाचा: 'विचारले'. कोणाला, काय, देव जाणे. जेवताना यांनी एकदा सांगितलेले अर्धवट आठवत होते, की तलाव राजाने नाही, गावातल्या एका विधवेने बांधला. तेवढे वाचल्यासारखे म्हटले. हे म्हणाले, "पैसा कुठून आणला तिने? तेही लिहिलंय ना मी?" माझ्या तोंडून निघून गेले, "पाटल्या विकल्या."

यांनी ते मुलीकडून लिहून घेतले आणि दैनिकात पाठवले. रविवारच्या पुरवणीत छापून आले. आता शाळेच्या पुस्तिकेतही आहे. तलावापाशी पाटी लावायची म्हणतात. हे इतके खुश होते, की त्या दिवशी दोनदा दाढी केली.

तेव्हापासून सहा वर्षे मी कोऱ्या समासातून वाचते आहे. सकाळी जप करते आणि दुपारी खोटे बोलते. सांगावे म्हणून कितीदा तोंड उघडले. यांचे डोळे गेले ते देवाने नेले. यांनी लिहिलेले मी नेले, ते कोणत्या तोंडाने सांगू?

मुली, माझ्यामागे ते तुला वाचायला सांगतील. शिवणाच्या डब्यात वही आहे. कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर मी काय सांगितले, ते तारखेसह लिहिले आहे. तेच वाच, नवीन घालू नकोस. यांच्यानंतर ती वही दैनिकाच्या संपादकांना दे आणि खुलासा छापायला सांग. त्यात माझे नाव घालावे, यांचे नको.

६. माझ्यामागे खर्च करू नये. जपमाळ मुलीला द्यावी.

एवढे लिहून झाल्यावर यांनी ते मोठ्याने वाचायला लावले. पाचवे सोडून वाचले. हे म्हणाले, "चार झालं आणि एकदम सहा? मधलं कुठाय?"

"अहो, आकडा चुकला."

"तुझा?" खुर्ची चाचपत पुढे ओढून बसले. मग म्हणाले, "मग दुरुस्त कर. मृत्युपत्र आहे ते."

समोर बसले आहेत, कान इकडे लावून. त्यांना पेनचा आवाज यावा म्हणून ही ओळ लिहिते आहे.

सही (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार, ज्यांनी सही पाहिली, मजकूर वाचला नाही:
१. खालच्या मजल्यावरचे शिंपी (सही)
२. आमचे डॉक्टर (सही)

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: २५ जून २०१९, मंगळवार