गार पाण्यातला शर्ट

३ ऑक्टोबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

काल फोनवर तुम्ही ‘बरं, ठेवतो’ म्हणालात आणि मागून आईच्या रडण्याचा आवाज आला, म्हणून आज लिहायला बसले. कागद तरी कुणी मध्येच ठेवून देणार नाही.

गोदामाचा पहारेकरी मारहाणीत गेला आणि त्यासाठी दादाला पकडलंय, हे वाक्य मी खोलीत एकटीच मोठ्यांदा म्हणून पाहिलं. तोंडात बसत नाही. मला सायकल शिकवताना माझ्यापेक्षा जास्त वेळा स्वतःच पडलेला मुलगा तो. पण अलीकडे तो कुणाबरोबर फिरायचा आणि रागाच्या भरात कसा व्हायचा, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

तुम्ही विचारलंत, आता आईबापांनी काय करायचं. त्याला चांगला वकील द्या. भेटायला जा. तो आपलाच आहे हे चारचौघांत सांगा, मान खाली घालू नका. पण तो त्या रात्री घरीच होता असं सांगायला कुणी सांगितलं, तर सांगू नका. तो घरी नव्हता. पाठीशी उभं राहणं वेगळं आणि पाठीशी घालणं वेगळं.

हे मी इतक्या लांब बसून, वर्गात नागरिकशास्त्र शिकवून आल्यावर लिहितेय, याची लाज वाटते. तरी लिहिते. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही माझं प्रमाणपत्र लाँड्रीत, ‘कपडे महिन्याभरात न्यावेत’ या पाटीशेजारी टांगलंत. त्याचा काहीतरी उपयोग व्हायला हवा.

आईला सांभाळा. रागावलात तर खुशाल रागवा, लोभ मात्र आहे तेवढा ठेवा.

तुमची,
धाकटी


९ ऑक्टोबर

चि. मास्तरीणबाईंना अनेक आशीर्वाद.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. रागावलो नाही. अक्षर मात्र अजून कोंबडीचे पाय. पोरं फळ्यावरचं वाचतात तरी कशी?

दुकान रोज उघडतो. गिऱ्हाईक येतं ते कपडे परत न्यायला. न धुतलेलेसुद्धा नेतात. समोरचा न्हावी तेवढा मुद्दाम टॉवेल टाकून जातो आणि इकडचं तिकडचं बोलतो. पहारेकऱ्याचा गणवेश अजून दांडीवर आहे, इस्त्री केलेला. कपाटात ठेवावा तर लपवल्यासारखं वाटतं, दांडीवर ठेवावा तर तो दिवसभर माझ्याकडे बघतो.

वकीलसाहेब म्हणतात, आईच्या बोलण्यावर सगळं आहे. तिने सांगायचं, थोरला रात्रभर घरी होता आणि त्याचा शर्ट रोजच्या कपड्यांबरोबर धुतला, त्यावर डागबिग काही नव्हता. पोलिसांनी नेला तेव्हा शर्ट धुऊन घडी केलेला होता. लाँड्रीवाल्याच्या घरी शर्ट धुतलेला असणार नाही तर काय, असं साहेबांचं म्हणणं. आई लगेच हो म्हणाली.

आता लिहितो ते कुणाला सांगू नकोस. आपल्याकडे सगळं गरम पाण्यात भिजतं. रक्त लागलेला कपडा तेवढा वेगळा, गार पाण्यात, कारण गरम पाण्यात तो डाग पक्का बसतो. आईने तुला अक्षरं यायच्या आधी हे शिकवलंय. त्या सकाळी मी मागे मोरीत गेलो, तेव्हा गार पाण्याच्या बादलीत एकच कपडा होता. थोरल्याचा शर्ट.

मी तिला विचारलं नाही. मी पाहिलं का, हे तिने मला विचारलं नाही. आम्ही दोघं समोरासमोर उभे राहून चादरींच्या घड्या घालतो, टोकाला टोक जुळवतो आणि पुढची चादर घेतो.

तुझं म्हणणं पटतं. पण आता खरं बोलायचं तर पोराबरोबर तीही अडकते. तुझ्या पुस्तकात याचं काय दिलंय? टोमणा नाही मारत, खरंच विचारतो.

तब्येतीला जप. उत्तराची वाट बघतो.

बाबा


१४ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बाबांनी बादलीचं मला लिहिलं. त्यांच्यावर चिडू नकोस. मलाही कुणाला सांगू नको म्हणाले होते, पण तू ‘कुणी’ नाहीस. त्यांना सांग, पुस्तकात काहीच दिलेलं नाही. मी शोधलं.

आई, तू डाग पाहिला होतास ना?

मला सारखा तो पहारेकरी आठवतो. कॉलेज सुटून यायला अंधार व्हायचा, तेव्हा मी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो गोदामाच्या दारातून बॅटरी धरून उभा राहायचा. एकदा मी आभार मानले तर म्हणाला, तुमच्या आईंनी कॉलर इतकी कडक केलीय की मान वळत नाही, म्हणून समोरच बघावं लागतं.

तू खरं सांगितलंस तर दादा तुझं तोंड बघणार नाही, माझंही नाही. तरी तू खरं सांगावंस असं मला वाटतं. आणि काही सांगू नयेस असंही वाटतं. दोन्ही मीच म्हणतेय. बाबांना लिहिलेलं पहिलं पत्र कुठे असेल तर ते पुन्हा वाचू नका.

तुझा लोभ मला नेहमीपेक्षा जास्त लागेल.

तुझी,
धाकटी


२१ ऑक्टोबर

चि. बाळीस आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. चुकलं तर तांबड्या पेनाने गोल करू नकोस.

पाहिला. बाहीवर होता आणि खिशाखाली. पोलीस म्हणतात मी पुरावा धुतला. डाग दिसला की माझा हात आपोआप गार पाण्याकडे जातो, मी मनात काही म्हटलं नव्हतं. पण हे अर्धंच खरं. शर्ट बुडवल्यावर पाणी लाल झालं. तेव्हा मला कळलं. तेव्हा हात थांबवता आला असता. मी साबण घेतला.

थोरल्याला भेटले. जाळीपलीकडून त्याने विचारलं, जेवलीस का. मग विचारलं, शर्टाचं कुणाजवळ बोललीस का. पहिलं ऐकलं तेव्हा तो माझा होता. दुसरं ऐकलं तेव्हाही माझाच होता, तीच तर पंचाईत आहे.

काल पहारेकऱ्याची बायको गणवेश न्यायला आली. तुझे बाबा उठून मागे गेले. मी म्हटलं, धूळ बसलीय, पुन्हा इस्त्री फिरवून देते. ती उभी राहिली. मी कॉलर केली, बाह्या केल्या. खिशावर आले तेव्हा तिने विचारलं, तुमचा मुलगा त्या रात्री घरी होता का. आवाज चढवला नाही बाई तिने. मला इस्त्री उचलता येईना. खिसा करपला. इतकी वर्षं हे काम केलं, माझ्या हातून कपडा जळला नव्हता. भरून देते म्हटलं. ती नको म्हणाली आणि तसाच घेऊन गेली.

सोमवारी न्यायाधीशांपुढे माझा जबाब आहे. काय बोलेन ते मला माहीत नाही. तू समोर येऊन बसलीस तर मला खोटं बोलता येणार नाही. म्हणून ये. नाहीतर म्हणूनच येऊ नकोस.

थोरल्याला त्या दिवशी घालायला पांढरा शर्ट आणा, असं वकिलांनी सांगितलंय. धुऊन वाळवलाय. इस्त्री राहिलीय.

आई


२४ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

रविवारी सकाळी पोचते. मोठ्या बाईंनी रजेचं कारण विचारलं. लग्नाचं घर आहे म्हणाले. इतक्या सहज तोंडातून गेलं की नंतर मीच फळ्याकडे बघत राहिले. मला वाटायचं, खरं काय ते एकदा कळलं की काय करायचं तेही कळतं. मुलांना मी तसंच शिकवलंय. मंगळवारी पुन्हा त्याच वर्गात जायचंय.

कोर्टात मी तुझ्यासमोर बसणार नाही. पण घरीही थांबणार नाही. तुझ्या मागे, बाबांच्या शेजारी बसेन. तुला माझं तोंड दिसणार नाही आणि मला तुझं. तू जे बोलशील ते बोलून वळलीस, की आम्ही तिथेच असू. याहून जास्त मला काही सुचत नाही.

दादाचा शर्ट आहे तसा दोरीवर राहू दे. मी आल्यावर इस्त्री करीन. कॉलर धड येत नाही म्हणून हसलीस तरी चालेल. तू आता त्याच्या कपड्याला हात लावू नकोस.

लोभ असू दे, आपल्या चौघांचा चौघांवर.

तुझी,
धाकटी